शिक्षा जातीला की कृतीला? : पाळीव श्वान, कायदा आणि श्रावकधर्म

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वाडवडिलांनी मोठ्या श्रद्धेने लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झालेला आपण पाहतो आहोत. या मंगल प्रसंगी ‘अहिंसा आणि आधुनिक जीवन’ या विषयाला धरून काही बोलावे, अशी आज्ञा संयोजकांनी मला केली. अहिंसेवर बोलणारे अनेक विद्वान या व्यासपीठाने ऐकले आहेत; माझा तो अधिकार नाही. मी व्यवसायाने वकील. म्हणून अहिंसा आणि कायदा जेथे एकमेकांसमोर येतात, असा एक लहानसा वाटणारा प्रश्न मी निवडला आहे. काही कुत्र्यांना ‘धोकादायक’ ठरवून त्यांच्यावर बंदी घालणारे जे नियम गावोगावी होत आहेत, ते त्या मुक्या जीवांना आणि त्यांना पाळणाऱ्यांना न्याय देतात काय, हा तो प्रश्न होय.

हा विषय निवडण्यामागे एक वैयक्तिक कारणही आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीत पाठशाळेतून सायकलवर घरी जाणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलाला पाळीव कुत्र्याने चावा घेतला. पोटरीला खोल जखम झाली. त्या बालकाचे रडणे आणि त्याच्या आईचा चेहरा मी पाहिला आहे. दुसऱ्याच दिवशी रहिवाशांची सभा भरली. संताप साहजिक होता. ‘वकीलसाहेब, तुम्हीच ठराव लिहून द्या,’ असे सर्वांनी म्हटले आणि मी तो लिहिला. केंद्र शासनाच्या एका परिपत्रकात धोकादायक जातींची यादी होती. ती मी जशीच्या तशी उतरवली आणि ‘या जातींचे कुत्रे वसाहतीत ठेवता येणार नाहीत’ असे वाक्य वर घातले. ठराव एकमताने संमत झाला.

त्या यादीत बसणारा एकच कुत्रा आमच्या वसाहतीत होता. एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा, नऊ वर्षांचा, दात झिजलेला रॉटवायलर. यजमानांच्या निधनानंतर त्याच्याच सोबतीने त्या राहत होत्या. त्याने कोणाला ओरखडाही काढल्याचे कोणास स्मरत नव्हते. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी त्याला गावाकडे नातेवाइकांच्या मळ्यावर पाठवले. त्याने तेथे अन्न सोडले आणि तीन आठवड्यांच्या आत तो गेला. आणि ज्या कुत्र्याने मुलाला चावा घेतला होता, त्याची जात यादीत नव्हतीच! तो वसाहतीतच राहिला. दिवाळीच्या सुमारास त्याने दूधवाल्याला पुन्हा चावा घेतला.

बंधू-भगिनींनो, मी लिहिलेल्या ठरावाने निरपराधाला शिक्षा केली आणि अपराध्याला सोडले. असे का घडले, याचा शोध घेताना मला जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम दुसरी बाजू पाहू. कारण अनेकांतवादाचा वारसा सांगणाऱ्या समाजाने एकाच बाजूने पाहणे शोभणारे नाही. भीती खोटी नाही. जुलै २०२२ मध्ये लखनौ येथे घरातल्याच पिटबुल जातीच्या कुत्र्याच्या हल्ल्यात एका वृद्ध मातेचा प्राण गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गाझियाबाद महानगरपालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो या तीन जाती पाळण्यास मनाई केली. आपल्या शेजारच्या गोव्यात ऑगस्ट २०२४ मध्ये हणजुणे परिसरात पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा बालक दगावला. त्यानंतर २०२५ मध्ये गोवा विधानसभेने, हिंस्र ठरवलेल्या जातींवर बंदी घालण्याचा अधिकार शासनाला देणारे आणि नुकसानभरपाईचा भार मालकावर टाकणारे विधेयक संमत केले. ज्या घरातले मूल गेले, त्या घराला ‘जातीवर जाऊ नका’ असे सांगण्याचे धैर्य कोणाला होईल? शिवाय मोठ्या जबड्याचा, बलदंड कुत्रा चावला तर इजा अधिक गंभीर होते, हेही खरेच आहे. तेव्हा बंदीची मागणी करणारे सारे निर्दय आहेत, असे मी म्हणणार नाही. मीही त्यांच्यातलाच एक होतो.

परंतु हेतू चांगला असला म्हणून साधन योग्य ठरत नाही. ज्या परिपत्रकातून मी यादी उतरवली, ते केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पाठवले होते. त्यात २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री बंद करावी, त्यांना परवाने देऊ नयेत आणि जे आधीच घराघरांत आहेत त्यांचे निर्बीजीकरण करावे, असे सुचवले होते. ती यादी नंतर मी शांतपणे वाचली. ‘तोसा इनू’ आणि ‘जपानी तोसा’ ही एकाच कुत्र्याची दोन नावे तिच्यात दोन ठिकाणी आढळतात. ‘टेरियर’ हा एकच शब्द तर मांडीवर बसणाऱ्या चिमुकल्या कुत्र्यापासून थोराड कुत्र्यापर्यंत कितीतरी जातींना कवेत घेतो. संकरित कुत्रेही बंदीत आले. रस्त्यावरून आणलेल्या, आई-बापाचा पत्ता नसलेल्या पिल्लात कोणत्या जातीचे रक्त आहे, हे नुसत्या डोळ्यांनी कोणी सांगावे?

हे परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी रद्द ठरवले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता आणि नियमांनी सांगितलेली रीत न पाळता ते काढले गेले, हा त्यातील मुख्य दोष होता. रीतसर विचारविनिमय करून नवा निर्णय घेण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली. त्याच वेळी मालकाच्या जबाबदारीवरही भर दिला. आमच्या वसाहतीचा ठराव या निकालानंतरचा आहे, हे सांगताना वकील म्हणून माझी मान खाली जाते. गृहनिर्माण संस्थांना बहुमताच्या जोरावरसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले होते. तेही मी त्या संतप्त सभेत कोणाला सांगितले नाही.

जातीवर आधारलेल्या कायद्याचा अनुभव परदेशांनी आपल्याआधी घेतला आहे. ब्रिटनने १९९१ मध्ये धोकादायक श्वान कायदा करून चार प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घातली. तेथे कुत्र्याचे आई-बाप पाहत नाहीत; अंगलट आणि मापे पाहून तो बंदीतील प्रकारचा आहे की नाही हे ठरवतात. आणि तो तसा नाही, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. एरवी आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावा, हा न्यायाचा पहिला धडा. येथे तो उलटा झाला. प्रारंभी तर दोषी ठरलेल्या प्रकरणांत कुत्र्याला मारण्यावाचून न्यायाधीशाला पर्यायच नव्हता. १९९७ च्या दुरुस्तीने ती कठोरता थोडी सैल झाली. तरीही बेलफास्ट शहरात ‘लेनॉक्स’ नावाच्या कुत्र्याला २०१० मध्ये घरातून नेण्यात आले, आणि दोन वर्षांच्या न्यायालयीन लढ्यानंतर जुलै २०१२ मध्ये त्याला मारण्यात आले. त्याने कोणाला चावा घेतलेला नव्हता. त्याची अंगलट पिटबुलसारखी आहे, येथून त्या प्रकरणाची सुरुवात झाली होती.

एवढे करून माणसे सुरक्षित झाली काय? चार जातींवर बंदी घातल्यानंतर लोकांनी दुसऱ्या बलदंड जाती पाळल्या. अखेर ‘एक्सएल बुली’ या पाचव्या प्रकाराचा समावेश त्या देशाला करावा लागला, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून सवलतीच्या दाखल्यावाचून तो बाळगणे इंग्लंड आणि वेल्समध्ये गुन्हा ठरला. नेदरलँड्सने १९९३ मध्ये अशीच बंदी घातली होती. चाव्यांचे प्रमाण घटत नाही असे दिसल्यावर २००८ मध्ये ती मागे घेण्याचे ठरवले. याउलट कॅनडातील कॅलगरी शहराने जातींची यादीच केली नाही. प्रत्येक कुत्र्याला परवाना, मोकळे सोडल्यास दंड, चावल्यास मोठा दंड आणि धोकादायक ठरलेल्या विशिष्ट कुत्र्यावर कडक बंधने, असा त्यांचा मार्ग आहे. तेथे कायदा कुत्र्याचे नाव विचारत नाही. त्याने काय केले आणि त्याच्या मालकाने काय केले नाही, हे विचारतो.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. जीवाची योग्यता जन्माने नव्हे तर कर्माने ठरते, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. महाराज जीवंधरकुमारांची कथा आपल्यापैकी अनेकांनी पाठशाळेत ऐकली असेल. अन्न उष्टावले म्हणून लोकांनी मरेपर्यंत मारलेल्या कुत्र्याला त्यांनी णमोकार मंत्र ऐकवला आणि तो जीव यक्षयोनीत जन्मला. आचारांग सूत्रात भगवान महावीरांच्या लाढ प्रदेशातील विहाराचे वर्णन आहे. तेथे कुत्री भगवंतांच्या अंगावर धावत, आणि त्यांना आवरण्याऐवजी उलट अंगावर सोडणारी माणसेही होती. दोष केवळ धावणाऱ्याचा नव्हे, सोडणाऱ्याचाही असतो, हे सत्य त्या वर्णनात आपोआप प्रकट झाले आहे.

आपल्या मुंबईच्या इतिहासातही या विषयाचे एक पान आहे. कंपनी सरकारच्या काळात भटकी कुत्री मारण्याचा हुकूम निघाला होता आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस मिळत असे. बक्षिसाच्या लोभाने घरची पाळीव कुत्रीही ओढून नेली जातात, अशी लोकांची तक्रार झाली. जून १८३२ मध्ये कोट भागात पारशी बांधवांनी उठाव केला. दुकाने बंद झाली, आणि जैन व हिंदू व्यापारीही त्यात सामील झाले. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीशा यांसारख्या धनिकांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. भुलेश्वरचा तो परिसर आजही त्या नावाने ओळखला जातो. पूर्वजांनी केवळ हुकुमाला विरोध करून हात झटकले नाहीत. त्या जीवांचा भार स्वतःच्या शिरावर घेतला. आपणही ‘बंदी नको’ एवढेच म्हणून थांबलो, तर तो अर्धाच धर्म होईल.

मग उरलेला अर्धा कोणता? त्याचे उत्तर मला अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत सापडले. तत्त्वार्थसूत्रात ते सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. प्रतिक्रमणात आपण त्यांची आलोचना करतो, पण ती बैल आणि घोड्यांच्या काळातली गोष्ट आहे असे मनात धरतो. आता हीच पाच नावे आजच्या पाळीव कुत्र्याला लावून पाहा. बंध म्हणजे दिवसभर दोन हातांच्या साखळीला जखडून ठेवणे. वध म्हणजे काठीने मारून ‘रखवालीसाठी तिखट’ करणे. छेद म्हणजे रुबाबासाठी कान कापणे, शेपूट छाटणे. अतिभार म्हणजे वयाला, शक्तीला न झेपणारे काम लादणे, अथवा पैशासाठी मादीला पुन्हा पुन्हा विण्यास लावणे. अन्नपाननिरोध म्हणजे सहलीला जाताना गच्चीत उपाशी-तहानेला कोंडून जाणे. कुत्रा धोकादायक कसा होतो, हे कोणत्याही अनुभवी पशुवैद्यांना विचारा. ते जी कारणे सांगतील, त्यांतील कितीतरी या पाचांत सापडतील. चावरा कुत्रा हा पुष्कळदा त्याच्या मालकाच्या अतिचारांचा हिशेब असतो, आणि तो हिशेब रस्त्यावरचे निरपराध मूल चुकते करते!

देशाचा कायदाही येथे आपल्या व्रताच्या जवळ येतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या ११ व्या कलमात, नेहमी साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्यात हयगय करणे हा गुन्हा मानला आहे. प्राण्यांच्या झुंजी लावणे आणि प्राणी बेवारस सोडून देणे हेही गुन्हेच आहेत. २०१७ च्या श्वान पैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याने नोंदणी करणे आवश्यक आहे, आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. कारण आईपासून फार लवकर तोडलेले पिल्लू पुढे भित्रे आणि चिडके होण्याचा संभव असतो. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वये, आपल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे नियमांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो अंमलबजावणीचा आणि आपल्या मनातील दक्षतेचा.

येथे काही ज्येष्ठ श्रावक विचारतील की, श्रावकाने कुत्रा पाळावाच का? शास्त्रात ज्या पंधरा कर्मादानांचा निषेध आहे, त्यांत असतीपोषण, म्हणजे लाभासाठी हिंस्र प्राण्यांचे पोषण, हेही एक आहे. प्रश्न योग्य आहे, आणि त्याचा रोख माझ्या मते नेमका योग्य ठिकाणी आहे. तेथे दोष प्राण्याला दिलेला नाही; त्याच्या हिंस्रपणावर पोट भरणाऱ्या माणसाला दिलेला आहे. झुंजीसाठी, धाकासाठी अथवा प्रतिष्ठेसाठी हजारो रुपये मोजून उग्र जातीचे पिल्लू आणू नये, असे मी प्रत्येक जैन कुटुंबाला हात जोडून सांगेन. परंतु जो जीव आधीच घरात आला आहे, ज्याने आपल्या हातचा घास खाल्ला आहे, त्याला एका ठरावाच्या आधारे घराबाहेर काढणे याला करुणा म्हणता येणार नाही.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि त्याची येथे सरमिसळ करू नये. त्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ऑगस्ट आणि नोव्हेंबर महिन्यांत महत्त्वाचे आदेश दिले. तेथे मालकच नसतो. येथे मालक आहे, आणि म्हणून उत्तरदायीही आहे. मात्र सोडून दिलेला प्रत्येक पाळीव कुत्रा त्या प्रश्नात भर घालतो, हे विसरून चालणार नाही. पांजरापोळ ही आपल्या हौसेचे ओझे नेऊन टाकण्याची जागा नव्हे.

तर मग न्याय्य नियम कसा असावा? माझ्या अल्प बुद्धीला सुचते ते असे. परवाना, रेबीजची लस आणि बाहेर नेताना पट्टा हे जात न पाहता प्रत्येक कुत्र्याला सक्तीचे असावे. बलदंड कुत्रा लहान मुलाच्या हाती देऊन फिरवण्यास मनाई असावी. प्रथम तक्रार आली की लेखी समज आणि पशुवैद्यांकडून तपासणी. चावा घेतल्यास उपचाराचा पूर्ण खर्च मालकाकडून आणि त्या कुत्र्याला बाहेर नेताना तोंडाला जाळी. पुन्हा घडल्यास अधिक कठोर उपाय, अशा चढत्या पायऱ्या असाव्यात. कोणताही टोकाचा निर्णय मालकाचे आणि जखमी व्यक्तीचे म्हणणे ऐकल्यावाचून होऊ नये. यात कुत्र्याला न्याय आहे आणि पाठशाळेतून घरी येणाऱ्या मुलालाही आहे. कारण असा नियम पहिल्या चाव्याची वाट पाहत नाही आणि दुसरा चावा घडू देत नाही. एक व्यवहाराची सूचनाही करतो. कोणाला कुत्रा चावल्यास जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. मात्र वेळेवर उपचार घेतल्यास तो टाळता येतो.

आमच्या वसाहतीच्या येत्या सर्वसाधारण सभेत जुना ठराव रद्द करून या धर्तीचा नवा ठराव मी स्वतः मांडणार आहे. आपल्या ट्रस्टनेही या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक छोटे काम हाती घ्यावे, अशी नम्र विनंती आहे. वर्षातून एकदा, २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास, परिसरातील पाळीव कुत्र्यांसाठी मोफत लसीकरण शिबिर भरवावे आणि त्याच दिवशी पाठशाळेतील मुलांना कुत्र्याशी कसे वागावे याचे चार शब्द पशुवैद्यांकडून ऐकवावेत.

शेवटी एकच सांगतो. त्या वर्षी क्षमापनेच्या दिवशी मी मंदिराच्या पायऱ्या उतरत होतो. त्या शिक्षिकाबाई समोरून आल्या, हात जोडून थांबल्या आणि मी काही बोलण्याआधी त्यांनीच मला ‘मिच्छामि दुक्कडम’ म्हटले. मी यांत्रिकपणे हात जोडले. ज्याने क्षमा मागायला हवी होती तो गप्प राहिला, आणि जिने क्षमा करायची तीच नमली. आज त्या या सभागृहात बसलेल्या आहेत. आपणा सर्वांच्या साक्षीने मी त्यांची क्षमा मागतो. त्यांच्या त्या मुक्या सोबत्याची मागता येत नाही. म्हणून निदान त्याच्यासारख्या दुसऱ्या जीवावर अशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप केला.

 बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम.

जय जिनेंद्र!